क्लचचा लिव्हर पर्समध्ये असताना गाडी गेल्याबाबत

मी, सर्वजण जिला मिस्त्रींची ताई म्हणतात ती, वय बावन्न वर्षे, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार गॅरेजच्या वरचा मजला, आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी वडिलांसोबत राहते. वडिलांना सगळी गल्ली मिस्त्री म्हणते. आई गेले काही आठवडे हॉस्पिटलात दाखल होती.

सकाळी मी याच ठाण्यात गाडी चोरीला गेल्याची तक्रार दिली होती. त्याबाबत हा पुरवणी जबाब आहे.

सदर गाडी दोन सीटची, लाल रंगाची, टप नसलेली जुनी स्पोर्ट्स कार असून ती माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. वडिलांनी ती लग्नाआधी भंगारातून उचलून स्वतः उभी केली. आईला तिच्यात पहिल्यांदा बसवण्याआधी त्यांनी ती आईलाच ढकलायला लावली होती, हे आई आजही येईल-जाईल त्याला ऐकवते.

महिन्याभरापूर्वी गाडीच्या क्लचचा लिव्हर मोडला. हा लिव्हर गिअरबॉक्सच्या बाहेरून बोल्टने बसतो. पेडल दाबले की तो ओढला जातो आणि इंजिन चाकांपासून सुटते. तो नसला तर पेडल नुसते खाली-वर होते. कंपनी बंद पडल्यामुळे पार्ट मिळत नाही, म्हणून शेजारच्या टर्नरकडून नवीन करून घेतला. काल सकाळी मी तो बसवला. क्लच लोण्यासारखा चालला. त्यानंतर मी लिव्हर परत काढला, पुसला आणि पर्समध्ये टाकला.

काढण्याचे कारण विचारले असता सांगते की, आज आईला घरी सोडणार होते. बरी झाली म्हणून नव्हे. आता इथे करण्यासारखे काही उरले नाही, घरी माणसांत राहू द्या, असे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले. वडिलांनी जाहीर केले की, "तिला मी माझ्या गाडीतून आणणार." त्यांच्या डाव्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले असून डॉक्टरांनी क्लच दाबायला सक्त मनाई केली आहे. मी म्हटले, ॲम्ब्युलन्स सांगितली आहे. त्यावर ते म्हणाले, "ती काय सामान आहे का, मागच्या दारातून चढवायला?" वडिलांशी वाद घालणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून मी वाद घातला नाही, लिव्हर काढला.

काल संध्याकाळी वडिलांनी विचारले, "झाला का गं लिव्हर?" मी सांगितले, टर्नर बाहेरगावी गेलाय. त्यानंतर थोड्याच वेळात टर्नर चहाला आला आणि वडिलांच्या समोरच्या स्टुलावर बसला. त्याला काही माहीत नव्हते, बिचाऱ्याने विचारले, "काय मिस्त्री, कसा बसला आपला लिव्हर?" वडिलांनी बशी पुसून ठेवली आणि झोपायला गेले. एरवी ते मला अर्धा तास तरी फैलावर घेतात. तेव्हाच मला कळायला हवे होते.

आज सकाळी मी ॲम्ब्युलन्सवाल्याकडे जाऊन परत आले तर शटर उघडे आणि गाडी गायब. लिव्हर माझ्या पर्समध्ये होता. बिनक्लचची गाडी गर्दीच्या रस्त्याने कोणी शहाणा माणूस नेणार नाही, म्हणून चोरांनी ढकलत नेली असा माझा समज झाला. वडील फिरायला गेले असतील असे वाटले. संशय कोणावर, असे विचारल्यावर मी टर्नरचे नाव घेतले, कारण गाडीला लिव्हर नाही, ती ढकलावी लागेल, हे काल जाताना मीच त्याला सांगितले होते. त्याला इथे आणून बाकावर बसवले. त्याची मी माफी मागितली आहे. "ताई, चहा तरी पाजा," एवढेच तो म्हणाला. चहा पाजला आहे.

तेवढ्यात हॉस्पिटलातून सिस्टरचा फोन आला की, पेशंटला त्यांचे मिस्टर घेऊन गेले, ॲम्ब्युलन्स परत पाठवू का?

गॅरेजपुढे उतार आहे आणि हॉस्पिटलच्या फाटकापुढेही आहे. उतारावर गाडी सोडायची आणि इंजिनचा आवाज ऐकून बरोबर क्षणी गिअर टाकायचा, असे वडील पूर्वी करत. पण एकदा थांबली की पुन्हा उतार हवा, नाहीतर धक्का मारायला माणसे हवीत, कारण सेल्फ-स्टार्टर म्हातारा झालाय. सिस्टरने सांगितले की, वॉर्डबॉयने आईला उचलून सीटवर बसवले आणि वॉचमनने गाडी ढकलली. आई बसल्या जागेवरून "अहो, जोर लावा की!" म्हणून त्यांना ओरडत होती.

चौकातल्या हवालदारांनीही वायरलेसवर कळवले की, एक लाल गाडी सिग्नल सुटेपर्यंत मधल्या सर्कलला फेऱ्या मारत होती. आत एक आजोबा आणि शाल पांघरलेल्या आजी होत्या. आजी प्रत्येक फेरीला हवालदारांना हात करत होत्या. सिग्नल मोडलेला नाही.

हा जबाब चालू असतानाच मला बाहेर गाडीचा आवाज आला. तो मी झोपेतही ओळखीन. मी लिव्हर हातात घेऊन रस्त्यावर धावले आणि "बाबा, थांबा!" म्हणून ओरडले. बाबा ओरडले, "थांबलो तर पुन्हा निघायची नाही!" मी म्हटले, "डॉक्टरांनी काय सांगितलंय?" ते म्हणाले, "क्लच दाबू नका सांगितलंय. कुठे दाबलाय?" आई दाखल झाल्यापासून उशीला टेकूनच बसायची. गाडीत ती टेकलेली नव्हती. डोक्यावरची शाल उडून मानेत आली होती. ती म्हणाली, "तू घरी हो पुढे. आम्ही अजून एक चक्कर मारून येतो."

मला रडू आले. हे लिहू नका असे मी साहेबांना सांगितले, तरी लिहिले आहे.

मी वडिलांशी खोटे बोलले ते भीतीने. आईचे काय होणार ते डॉक्टरांनी सांगून टाकले होते. बाबांचे तरी माझ्या हातात आहे, असे वाटले होते.

माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही. क्लच न दाबल्याबद्दल कलम लागते का, हे साहेबांनी पुस्तकात पाहिले, सापडले नाही. लिव्हर केव्हा बसवणार असे विचारले असता सांगते की, तो तयार आहे. पण बसवायला गाडी थांबायला हवी. मला घाई नाही.

माझा जबाब साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मधे गाडी पुन्हा एकदा ठाण्यासमोरून गेली, तेव्हा तिचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत वाचन थांबवले होते. त्यानंतर उरलेला वाचला. मी सांगितला तसाच आहे आणि खरा आहे.