थंडीतलं लंडन

सोलापुरात फोटो स्टुडिओच्या बाकावर मी नंबरची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या दोघी मैत्रिणींपैकी ईरम्माला पासपोर्टसाठी फोटो काढायचा होता.

“जानेवारीत कोण लंडनला जातंय का गं ईरम्मा?”

“ह्या दिवसांत विमानाला गर्दी नसती म्हणं.”

“नसणारच की! बागा उघड्याबोडक्या, बोटी बंद, नुसता बर्फ. मे महिन्यात जा, लई बघण्यासारखं असतंय.”

“लेक मेमध्येच ये म्हणत हुती. मीच न्हाय म्हणलं.”

“का गं?”

“गेल्या वर्षी सुवर्णा हितं आली न्हवं का, पाच वर्षांनी? सगळे दिवस पाव्हण्यारावळ्यांत गेले. गाडी सुटताना खिडकीतनं म्हणली, आई, आपलं बोलायचं राहिलंच की.”

“मग थंडीत जाऊन काय करणार गं?”

“थंडीत तितं दुपारीच अंधार पडतोय म्हणं. बाहेर जायलाच नको. शेगडीपाशी बसू दोघी. तिच्या डोक्याला तेल लावीन.”

“आन् लोकांनी इचारलं, लंडनात काय बघितलंस, तर?”

“सुवर्णाला बघितलं म्हणीन की.”