तीस टक्के पाऊस आणि आईचं लग्न

...आणि मी साधं एवढंच विचारलं हो, पाऊस पडणार की नाही पडणार! तर हा माणूस शांतपणे चष्मा पुसत म्हणतो, "तीस टक्के." आता तुम्हीच सांगा, तीस टक्के म्हणजे काय?

हा माणूस म्हणजे सुदर्मो मास्तर, आमच्या क्लातेन गावच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेले आणि माझ्या आईचे... होणारे नवरे! हो, आईचंच लग्न, सहासष्टाव्या वर्षी! बाबा जाऊन अकरा वर्षं झाली, एकटीच जेवायची बिचारी, मी कशाला आडवा येऊ? पण तिचा हट्ट, "गियांतो, लग्न अंगणातच, आंब्याखाली, आणि वर ताडपत्री बांधलीस तर बघ, बाजार वाटतो मेला!" म्हणजे सव्वाशे पाहुणे, निखाऱ्यावर साते, म्हणजे काडीला टोचून भाजलेलं मटण, डोक्यावर उघडं आभाळ, आणि मोबाइल म्हणतोय तीस टक्के! तीस टक्के म्हणजे काय?

शेजारचा म्हणतो, "तीस टक्के गाव भिजणार, आपण उरलेल्या सत्तरात." त्याची बायको म्हणते, "काहीतरीच! दिवसातला तीस टक्के वेळ पडणार." आमच्या पाइनेम मावशींनी तर विचारलंसुद्धा नाही, पाऊस अडवायचा तोडगा म्हणून खराट्याच्या काडीला मिरच्या-कांदे टोचले, अंगणात रोवले, "झालं! आता शून्य टक्के!"

शेवटी परत मास्तरांकडे. "हे बघ, असे दहा दिवस घेतले, तर तीन दिवस पडेल, सात दिवस नाही." अहो, पण लग्न एकाच दिवशी आहे ना! "तीच तर गंमत," म्हणाले. गंमत!

आणि तुम्हाला सांगतो, काझींनी विचारलं, मास्तर "कबूल" म्हणाले, आणि पाऊस जो कोसळलाय... ताटं डोक्यावर धरून अख्खा गाव आमच्या स्वयंपाकघरात! मी ओरडतोय, "आई, आत ये!" पण ती कुठली येतेय? आंब्याखाली दोघं उभे, मास्तरांच्या टोपीतून धार लागलेली, आणि आई पोट धरून हसतेय. अकरा वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं हो तिला.

मी म्हटलं, "मास्तर, चुकला तुमचा अंदाज!"

"चुकला कुठे? त्या तिनातला हा एक."

"आणि पडला नसता तर?"

"मग सातातला एक."

म्हणजे पडला तरी बरोबर, नाही पडला तरी बरोबर! असा कधीच न चुकणारा माणूस आता आमच्याच घरात राहतो, रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा पितो... आणि मला त्याला बाबा म्हणावं लागतं!