तोंड बधिर आहे तोवर

दातांच्या दवाखान्यात माझ्या समोरच्या बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या. आत दाढ निघत होती ती भावजयीच्या नवऱ्याची.

"वन्सं, खासगी सहल म्हणजे नक्की काय हो?"

"अगं, गाडी आपली, गाइड आपला आणि माणसं आपण दोघीच. परदेशातली दोन जुनी शहरं, आधी फेझ, मग माराकेश, आणि आठवड्यात घरी."

"आणि हे?"

"तो कशाला? मागच्या सहलीत त्याने गाइडलाच इतिहास शिकवला. गाइड बिचारा शेवटी बसमध्ये जाऊन बसला."

"मला ना, तिथल्या एखाद्या जुन्या अंगणात कारंज्यापाशी नुसतं बसायचंय. 'चल ऊठ, शहराचे अजून दोन जुने दरवाजे बघायचेत' असं म्हणायला कोणी नको."

"मग त्याला स्पष्ट सांग की."

"सांगितलं की ते तासभर समजावतात, आणि शेवटी मीच हो म्हणते. तुम्ही सांगा, तुम्ही मोठ्या."

"मलाही तो बोलण्यात गुंडाळतो गं. दाढ काढल्यावर तोंड किती वेळ बधिर राहतं?"

"दोनेक तास, म्हणाले डॉक्टर."

"मग आत्ताच सांगू या."

दार उघडलं. तोंडात कापसाचा बोळा धरून तो बाहेर आला.

"हे बघ, आम्ही दोघी फेझला चाललोय. तू घरी राहा. चालेल ना?"

"ऊं! ऊं ऊं!"

"चालेल म्हणतोय."

त्याने बोळा बाहेर काढला. "मीई येआर!"

"अहो, बोलू नका, रक्त येईल," म्हणत भावजयीने बोळा त्याच्या तोंडात परत ठेवला. "घट्ट दाबून धरा हं. वन्सं, तुम्ही तिकिटं काढा."