कंपनीला धोंड्याचा म्हैना नसतो

माजं म्हायार दिंद्रुडचं, सासर ह्ये तलवाड्याचं, अन जात आमची कासाराची. बायांच्या हातात बांगड्या भरायच्या, ह्योच धंदा आईचा बी अन सासूचा बी. बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत न्हाईत, वाढवली म्हणतेत, येवढा त्या काचेचा मान. माजा हात लई हलका, काय सांगू तुमाला, कसला बी कडक पंजा असू द्या, दाबून दाबून असा मऊ करायची की बाईला कळायचं न्हाई बांगडी कवा चढली. तवा निजामाचं राज व्हतं. मालक घोड्यावर माल घालून खेड्यापाड्यानं हिंडायचे, मी गावात भरायची. एकच लेकरू आमाला, चंद्रा.

मालकाला नव्या गोष्टीचं लई येड. गेवराईला भाऊराव म्हणून एक जण व्हते, मुंबईकडल्या इम्याच्या कंपनीचे एजंट. त्यांनी मालकाला बसवून समदं समजावलं, सालाला येवढे पैशे भरायचे, माणूस गेला तर माघारी बायकोला रक्कम मिळती. मी आतून अर्धं ऐकलं अन तणतणत चुलीपाशी गेले. म्हणलं जित्या माणसानं मरणाचा बयाणा द्यायचा, ही कुठली रीत? मालक नुसते हसले. म्हणाले अगं मी गेल्यावर तुज्या हातून बांगडी कोन भरून घेईन? खरं हाय की ते. रांडाव कासारणीपुढं सवाष्ण हात करीत न्हाई. माज्या मावशीचं तसंच झालतं, हातात कसब अन दारात कुत्रं न्हाई, मरस्तवर लोकाचं दळण दळलं तिनं.

पैशे भरले नागपंचमीला, कारण कासाराच्या हातात पैसा खेळतो तो पंचमीलाच. भाऊराव म्हणाले पुढल्या साली ह्याच दिशी भरा, उशीर झालाच तर वर म्हैनाभर मुदत हाय. मालकानं ध्येनात ठिवलं, पंचमी अन पुढं एक म्हैना.

आता बघा. तवा आमच्या डोस्क्यावर तीन तीन साल. निजाम सरकारचे म्हैने आजूर अन दै, कंपनीचे इंग्रजी, अन आमचे चैत-वैशाख. पुढल्या साली नेमका धोंड्याचा म्हैना आला. धोंडा आमच्यात कोन मोजतं? जावयाला अनारसे घालायचे अन सोडून द्यायचा. पंचमी लांबली, आमी म्हणलं लांबू दे, पैशे पंचमीलाच द्यायचेत. तिकडं कंपनीचं साल काय धोंड्यासाठी थांबतंय? तिची मुदत आमची पंचमी यायच्या आधीच चालू झालती, अन आमाला पत्ता न्हाई.

त्यातच गावात उंदीर पडाया लागले. गाठीचा रोग. समदं गाव घरं सोडून रानात खोपी घालून ऱ्हायलं. पंचमी आली अन गेली, एका बाईनं हात पुढं केला न्हाई, माल तसाच गवतात बांधलेला. अन राखीपुनवेच्या आदल्या दिशी मालकाला ताप भरला. काखंत बघितलं तर गाठ.

पुनवेच्या दुसऱ्या दिशी सकाळी मी शेजारच्या खोपीतल्या मास्तराला हटकलं. म्हणलं मास्तर, इम्याची मुदत अजून हाय न्हवं? त्यांनी गेल्या सालची पावती बघितली, बोटावर इंग्रजी तारखा मोजल्या, पुन्यांदा मोजल्या. म्हणाले कासारीणबाई, कंपनीला धोंडा नसतो, तिची मुदत आज दिवसभरच हाय.

खोपीत आले. हातातले चांदीचे गोट काढले, हिरव्या काचा तशाच ऱ्हाऊ दिल्या. मालकानं ते बघितलं अन माजा पदर धरला. म्हणाले जाऊ नको, बस इथं, मुदत हाय. मी वरडले त्यांच्या अंगावर. म्हणलं कसली मुदत, तुमच्या धोंड्यानं घात केला, आज शेवटला दिस हाय. ते म्हणाले आज हाय ना? मग बस. मला वाटलं तापात बरळतेत. सासू पलीकडं चंद्राला धरून बसलती, तिला म्हणलं ह्यांना पाणी पाजत ऱ्हावा. पदर काय सुटंना. एकेक बोट धरून सोडवलं. बांगड्या भरणारीचा हात माजा, सोडवाया येळ लागला न्हाई.

गेवराईपतोर काळी माती, चिखलात पाय रुतायचा, पळता येईना. वाटभर देवीला म्हणत व्हते, मी पोचस्तवर त्यांचा जीव ठिव. पैशे भरायच्या आधी गेले तर समदं बुडालं असं मला वाटत व्हतं, अन असं वाटतंय ह्याची लाज बी वाटत व्हती.

गेवराईच्या येशीत शिपाई. कहाँ से आ रई, तलवाडे से? आगे नक्को आना, उधर बीमारी है. मी चिखलात बसकण मारली. म्हणलं जत्रंत तुमच्या बायकूला मी बांगड्या भरल्या, तिचं अहेव लेणं माज्या हातचं हाय, आता माजं राखा. त्यो माणूस खाली बघाया लागला. मग त्यानं एका पोऱ्याला भाऊरावाकडं धाडलं.

भाऊराव आले, लांबच उभे ऱ्हायले. मी गोट दगडावर ठिवले. रोग लागू नगं म्हणून त्यांनी ते काठीनं चुन्याच्या पाण्याच्या भांड्यात लोटले अन म्हणाले, गोट माज्याकडं ऱ्हाऊ द्या, पैशे मी भरतो, झालं तुमचं काम. माजा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी इचारलं, मालक कावून न्हाई आले? म्हणलं मालकाला गाठ आलीय, मरणाच्या दारात हायेत. तर त्यो माणूस पांढरा पडला. म्हणाले मग तुमी कावून आलात? मुदतीत माणूस गेला तरी कंपनी रक्कम देती बाई, भरायचा हप्ता तेवढा कापून घेती. मी मालकांना हे बजावून सांगितलंवतं.

मी माघारी कशी आले ते मला सांगता यायचं न्हाई.

दिस बुडता बुडता पोचले. सासू खोपीच्या भायेर बसलेली. खोपीत कोनी न्हाई. गाठीचं मढं ठिवत न्हाईत, नेलं व्हतं. सासू म्हणाली दुपार कलली अन गेला. माज्या लुगड्याचा काठ धरून व्हता, तुजाच पदर समजून. बसली का, बसली का, येवढंच इचारायचा. मी त्याला म्हणलं, हां, बसली.

तितंच माज्या बांगड्या वाढवल्या.

रक्कम आली. भाऊरावानं गोट बी परत केले, ते मी चंद्राच्या लग्नात घातले. त्या पैशावर हे दुकान टाकलं. मी जुडग्यानं माल विकते, कुणाच्या हातात भरत न्हाई. भरायचं काम चंद्राचं, तिचा हात माज्याहून हलका. लोकाचं दळण दळायची पाळी आली न्हाई, ती त्यांच्यामुळं. गावातल्या बाया म्हणतेत, कासारणीनं नवऱ्याला सोडून पैशामागं धाव घेतली. मी म्हणते, ते त्या दिशी गेले म्हणून तुमी बोलता, दुसऱ्या दिशी, मुदत सरल्यावर गेले असते तर? पण आज हाय ना, मग बस, असं म्हणाले की ते. त्यांना कळलंवतं आपला आजचाच दिस हाय. मला कळलं न्हाई.

इमा उतरवा बाबा, मी कुणाला नगं म्हणत न्हाई. फकस्त एजंट बोलताना बायकोला जवळ बसवा, चुलीपाशी धाडू नगा. तुमचं घर भरलेलं ऱ्हावो, लेकीसुनांच्या हातातल्या काचा वाजत ऱ्हावोत. अन कोनी पदर धरला तर बसत जावा. तुमी कुठं उठलात लगेच? बसा की जरा.