रिकाम्या ओळी

सदाशिव पेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात माझ्यापुढे व्हायोलिनची पेटी धरलेले एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी उभे होते. तिच्या गळ्यात आयटी कंपनीचं ओळखपत्र, हातात नोटेशनचे कागद.

"स्पृहा, आधी ह्या रिकाम्या ओळी भर. काल तालमीत आम्ही चौघंही वादक ह्या ओळींपाशी येऊन थांबलो."

"बाबा, ती जागा तुमची आहे. मनात येईल ते वाजवायचं."

"ते तुझ्या जॅझमध्ये. हॉटेलात सॅक्सोफोनवर काय हवं ते कर. आता वेस्टर्न क्लासिकल लिहायला घेतलंयस ना? मग लिही."

"बाकी सगळं लिहिलंय की."

"ते चांगलं लिहिलंयस. म्हणूनच काळजी."

"काय म्हणालात? चांगलं?"

"एकदाच सांगणार होतो. सांगून झालं."

"बरं, सकाळी आंघोळ करताना काय गुणगुणत होतात?"

"काही नाही."

"आई म्हणाली, पाणी गार झालं तरी बाहेर येईनात."

"ते आपलं असंच. कुणी लिहिलेलं नव्हतं."

"तेच वाजवा संध्याकाळी कार्यक्रमात."

"आणि चुकलो तर?"

"तिथे चुकता येत नाही, बाबा."

"हे आधी सांगायचंस. इतकी वर्षं घाबरत वाजवलं मी."

"तुम्ही घाबरायला लागलात तेव्हा माझा जन्म नव्हता झाला."

"तुझी कारणं कायम तयार असतात."

त्यांचा नंबर आला. वडिलांनी स्वतःच तिच्या हातातले कागद घेऊन काउंटरवर ठेवले.

"अहो, ह्या रिकाम्या ओळी स्वच्छ येऊ द्या. तिथे मला वाजवायचंय."