मेरेवरचा मानकुराद व पावणेचार इंचांचे गाऱ्हाणे

जबाब देणार: जयराम शांताराम पालयेकर, वय ६४ वर्षे, धंदा: मुरगाव बंदरात इलेक्ट्रिशियन (निवृत्त), राहणार मधलावाडा, कोरगाव, तालुका पेडणे, गोवा. दि. ५ मे २०२५, सकाळी १०.४०.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी सुमंगला हिच्यासह राहतो. शेजारी गोकुळदास महादेव नाईक (वय ६१) यांनी काल सकाळी आठ वाजता शिडी व जाळी बांधलेली काठी आणून आमच्या मेरेवरच्या, म्हणजे हद्दीच्या बांधावरच्या, मानकुरादाचे सतरा आंबे माझ्या डोळ्यांदेखत काढले. विचारले तर म्हणाले, "झाड माझे. राखणदारासमोर ठरले आहे." माझी तक्रार याबद्दल आहे. मात्र टेपरेकॉर्डर समजून घेतल्याशिवाय ती कुणाच्या बापाला समजणार नाही, म्हणून तो आधी लिहून घ्यावा.

सदर टेपरेकॉर्डर रिळांचा, जर्मन बनावटीचा असून मी १९८४ साली वास्कोला एका जहाजाच्या रेडिओ ऑफिसरकडून घेतला. वजन चौदा किलो. वीज २२० व्होल्ट, ५० सायकल, ६५ वॉट. व्हॉल्व्ह सहा, सहाही जिवंत. रीळ सात इंची, टेप पाव इंच रुंद व बाराशे फूट लांब. वेग तीन: सेकंदाला साडेसात इंच, पावणेचार इंच व एक पूर्णांक सात अष्टमांश इंच. शेवटचा वेग लिहिण्याची गरज नाही असे हेड कॉन्स्टेबल ओंकार साहेबांनी सांगितले. गरज आहे. लिहावे.

आमच्या वाड्याच्या राखणदाराला, म्हणजे वडाखालच्या राखणाऱ्या देवाला, दरवर्षी नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतात. एकाने मागणे मागायचे, बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचे. सुरू झालेले गाऱ्हाणे मध्येच तोडायचे नाही, आणि ज्याला व्हय म्हटले ते राखणदाराच्या दप्तरी लागले, अशी रीत आहे. माझे वडील शांताराम हे गाऱ्हाणे घालीत. ते वारल्यावर चुलते घालू लागले. यंदा चुलत्यांनी नवी कवळी बसवली, ती सरावातच नारळावर पडली. माझ्याकडे वडिलांचे १९८६ सालचे गाऱ्हाणे टेपवर होते. तेच लावायचे ठरले.

रविवार दि. १३ एप्रिल रोजी सकाळी साडेदहा वाजता वडाखाली स्टुलावर यंत्र मांडले. करंट गोकुळदासांच्या पडवीतून तीस मीटर वायरीने घेतला. हे त्यांचे उपकार मी नाकारत नाही. टेप भरलेली होती पावणेचारावर. नॉबही पावणेचारच दाखवीत होता. परंतु आदल्या दिवशी सुमंगलाने नॉब काढून पुसला आणि उलटा बसवला, त्यामुळे आत साडेसात लागले. नॉब मीच पुसला असे ती म्हणते. तो मुद्दा घरी चालू आहे.

वेग दुप्पट झाला. माझे वडील म्हणजे भारदस्त आवाजाचा माणूस, ते खारीसारखे चिरकू लागले. शब्द एकही कळेना. पण आवाज जरा थांबला की चाळीस माणसे "व्हय म्हाराजा" म्हणत होती. चुलते दम लागून खाली बसले व बसल्याबसल्या म्हणत राहिले. मी नॉबला हात घातला तर दहा जण ओरडले, "तोडू नको रे, कोप जातलो!" गाऱ्हाणे कधी संपले ते कुणालाच कळले नाही. टेप पुढे चालली, माणसेही म्हणत राहिली. शेवटी वीज गेली तेव्हा सगळे सुटलो.

गोकुळदासांचा मुलगा सर्वेश याने हे मोबाइलवर घेतले व घरी निम्म्या वेगाने लावून पाहिले. १९८६ साली गाऱ्हाणे झाल्यावर मी यंत्र चालू ठेवूनच वास्कोची बस पकडायला पळालो होतो आणि वडिलांना बटण ठाऊक नव्हते. त्यामुळे पुढे त्यांचे आईशी बोलणे भरले गेले. ते मी कधी ऐकलेच नव्हते. वडील विचारतात, "जानके, चाय जाली?" त्यावर चाळीस जण, "व्हय म्हाराजा!" "बांगड्यांक मीठ लायलंस?" "व्हय म्हाराजा!" मग वडील म्हणतात, "तो मानकुराद आपलो न्हय गो. म्हादेवाचो. मेर मियांच सरकयली." म्हादेव म्हणजे गोकुळदासांचे वडील. "व्हय म्हाराजा!" यात सर्वांत मोठा आवाज माझा आहे. हे खरे आहे.

माझे म्हणणे असे की, साडेसातावर वाजलेला आवाज माझ्या वडिलांचा धरता येत नाही. मोबाइलने तो निम्मा केला असेल, पण मोबाइलला व्हॉल्व्ह नाहीत. माझा बाप मेर सरकवणारा नव्हे. एकदाचा सोक्षमोक्ष लावावा म्हणून यंत्र रिक्षात घालून ठाण्यात आणले आहे. गोकुळदासांनाही बोलावून घेतले.

११.२५ वाजता साहेबांच्या टेबलावर यंत्र लावले. वेग मी स्वतः तपासला. पावणेचार. आवाज वडिलांचा होता. खोकलासुद्धा त्यांचाच. मानकुरादाचे वाक्य आले. वीज गेल्यामुळे सर्वेशच्या मोबाइलात त्यापुढचे नव्हते, ते आता लागले: "जयराम शनिवारी येता, तेका तो आंबो आवडता, म्हणान केलंय. माझ्या माघारी तेका सांग, मेर परत कर. तो करतलो. तो माझ्यासारको न्हय."

यावर ओंकार साहेब, दोन कॉन्स्टेबल व पासपोर्टच्या चौकशीला आलेले एक गृहस्थ यांनी "व्हय म्हाराजा" म्हटले. गोकुळदासांनीही म्हटले. मी म्हटले नाही. मी रिळाचा ब्रेक तपासत होतो.

आई १९८८ साली वारली. वडील २००३ साली. म्हणजे सांगायचे जिच्यावर सोपवले ती आधी गेली. पुढची पंधरा वर्षे वडील दर मोसमात मला स्वतः आंबा कापून देत. स्वतः खात नसत. दातांचे कारण सांगत. त्यांचे दात चांगले होते.

सतरा आंब्यांबद्दल माझी तक्रार राहिलेली नाही. झाड गोकुळदासांचे असे लिहावे. गोकुळदासांनी पिशवीतून एक मानकुराद काढून माझ्यापुढे ठेवला. हा मुद्देमाल नव्हे, खा, असे साहेब म्हणाले. मी खाल्ला. रस यंत्रावर पडू दिला नाही.

हा जबाब ओंकार साहेबांनी पहिल्या ओळीपासून मला वाचून दाखवला, माझ्या विनंतीवरून सावकाश. सगळे बरोबर आहे काय व मेर परत करणार काय, असे त्यांनी विचारले. मी दिलेले उत्तर त्यांनी होते तसे खाली उतरवले असून त्याखाली माझी सही आहे.

व्हय म्हाराजा.

(सही) जयराम शांताराम पालयेकर