त्या विहिरीत काय भरलं ते मले माहीत होतं

माहं नाव शेवंता. माहेर इकडं मध्यप्रदेशात, लामत्याच्या अलीकडच्या एका खेड्यातलं, तिथं आमची बौद्ध लोकाईची पंधरा-वीस घरं होती, बाप दुसऱ्याच्या बांधीत धान लावे, मायही लावे, अन् आमी तिघी बहिनी मागं मागं चिखल तुडवत जावो. घरात मराठी, कारन आजी भंडाऱ्याकडची होती, अन् शाळंत हिंदी, म्हनून माह्या बोलन्यात दोन्ही येऊन जाते, तुमी लिवतांना तुमच्या हिशोबानं लिवा. शाळा चौथीपर्यंत. त्याच्या पुढं शाळा लांब होती अन् मी मोठी पोट्टी होती, म्हनून घरीच राह्यली.

मंग लगन होऊन बालाघाटले आली. आमचे हे राइस मिलमंधी हमाल होते, चांगले उंच-पुरे, तांदळाचं पोतं असं उचलत जसं लेकरू उचलते. काय सांगू तुमाले, तवाचं बालाघाट म्हंजे कवेलूचं, कौलाचं गाव होतं. मेन रोडवर शेटलोकाईचे दुकानं, खाली दुकान, वर एक माडी, माडीवर कवेलू, बस. गावात उंच काय हाये असं कोनी विचारलं तं आमी पान्याची टाकी दाखवो. पाहुने आले की त्याईले टाकी दाखवाले नेत, आता हसू येते.

पाच वर्षं चांगले गेले. मंग एक दिवस पोतं उचलता उचलता ह्याईची कंबर गेली, अशी गेली का चार महिने खाटेवर, अन् त्याच्यानंतर वजन म्हनून उचलताच आलं नाई. तवा मी चौकात गेली. सकाळी मजूर लोकं उभे राहतेत ना, तिथं. पहिल्या दिवशी पदर तोंडावर घेऊन उभी होती, कोनी ओळखीचं पाहीन म्हनून. बाजूले एक बाई होती इंदिरा नावाची, ते म्हने तोंड झाकशील तं काम कोन देईन, हात दिसू दे, लोकं हात पाहतेत. तवापासून इंदिरा अन् मी सोबतच. रेजा म्हनतेत आमाले, रेजा म्हंजे घमेले वाहनारी बाई. विटा वाहल्या, रेती वाहली, गिट्टी म्हंजे खडी वाहली.

आमचा मिस्त्री होता भोजराज. म्हातारा मानूस, दिवसाचे दहा शब्द बोले. दुपारी सगळे डबे खाऊन लवंडले का मी त्याची थापी घेऊन मागच्या भिंतीवर गिलावा मारून पाहो, संडासाच्या, जिन्याखालच्या, जिथं कोनी पाहत नाई तिथं. एक दिवस त्यानं पायलं. मले वाटलं आता बोलते. तो म्हने, हात हलका ठेव, भिंतीले दाबू नको, फिरव. बस, एवढंच. त्याच्यानंतर तो मले काम देत गेला अन् मी करत गेली, पन हजेरीत मी रेजाच. भिंत झाली का ठेकेदार म्हने, भोजराजने क्या सफाई से किया है, अन् भोजराज माह्याकडं पाहे अन् बिडी पेटवे.

आता मुद्द्याची गोठ सांगते. मेन रोडवर एका शेटचं जुनं घर होतं, ते पाडून तिथं पाच मजली निघनार होती. लिफ्टवाली. गावात तवा तेवढं उंच काहीच नोयतं, लोकं सायकल थांबवून पाटी पाहत, पाटीवर बिल्डिंगचं चित्र होतं, काचाची अन् निळी. जुनं घर पाडाले आमीच होतो. मागं आंगनात विहीर होती, पानी काय गोड होतं, पाडेपर्यंत आमी तेच पेलो. मंग ठेकेदार म्हने मलबा बाहेर कायले नेता, ह्याच विहिरीत टाका. तं आमी टाकलं. काय काय टाकलं इचारा. फुटके कवेलू, मयाली म्हंजे छताच्या तुळया, चौकटी, एक मोडका पाळना, बांबू, सगळं आडवं-तिडवं, अन् वरून हातभर मुरूम. मीच टाकलं, माह्याच डोक्यावरून गेलं ते. ठोकलं नाई, पानी मारलं नाई. आठ दिवसात जमीन सपाट, पाहनाऱ्याले समजनार नाई का इथं विहीर होती.

मंग कॉलम उभे झाले, पहिल्या स्लॅबची तयारी झाली. स्लॅब टाकाच्या आधी खालून लाकडाच्या बल्ल्या लावतेत, त्याच्यावर पाट्या, पाट्यावर सळाख, अन् सगळं ओलं वजन त्या बल्ल्याच पेलतेत, पक्कं होयेपर्यंत. स्लॅबच्या आदल्या रात्री पानी पडलं. सकाळी आलो तं मिक्सर लागलेला, गिट्टी-रेतीचे ढीग, बारा बाया, आठ मानसं, शेट नारळ घेऊन आलेला. मी पानी प्याले मागं गेली अन् पायलं, मुरूम विहिरीच्या जागी थोडासा खाली बसला होता, बशीसारखा, गोल. अन् त्या गोलात सात-आठ बल्ल्या उभ्या होत्या.

मी इंदिराले दाखवलं. ते म्हने चाल, ठेकेदाराले सांगू. मी गेली. म्हटलं साहेब, तिथं खाली विहीर हाये, आत लाकडं हायेत, पोकळ हाये, आज स्लॅब नोका टाकू. तो म्हने, तू इंजिनियर है क्या. मी म्हटलं नाई साहेब, पन ते विहीर मी बुजवली, त्यात काय भरलं ते मले माहीत हाये. तो म्हने भर गया तो भर गया, चलो, काम चालू करो, शेटजी खडे हैं.

मी भोजराजकडं पायलं. तो खाली पाहून राह्यला होता. खरं सांगू, तवा मले त्याचा राग आला.

घरी नवरा बसलेला, आमची पोरगी शाळंत, काम गेलं तं काय, हे सगळं डोक्यात आलं, नाई आलं असं नाई. पन त्या पाट्यावर बारा बाया चढनार होत्या, इंदिरा चढनार होती, मीही चढनार होती. मी घमेलं पालथं घातलं अन् त्याच्यावर बसली. बोलली काहीच नाई. इंदिरानं आपलं घमेलं पालथं घातलं. मंग तिसरी बसली. मंग साऱ्या बसल्या. मिक्सर घरघर करून राह्यलं अन् बारा बाया ओळीनं बसल्या हायेत. ठेकेदार ओरडला, शिव्याही देल्ल्या, त्या मी सांगत नाई.

मंग भोजराज उठला. मागं गेला, हातात हातोडी. एका बल्लीले हात लावला. मारलं नाई, फकस्त हात लावला, अन् ते बल्ली हालली. ते लटकून होती, पाटीले खिळ्यानं लटकलेली, अन् खाली जमिनीत अन् तिच्यात बोटभर जागा. शेटनं वाकून पायलं. त्याचा नारळ हातातच होता. तो ठेकेदाराले हळूच म्हने, मशीन बंद करो.

मंग खोदलं. कंबरेइतकं खोदलं तं पाळन्याची दांडी निघाली, ओली, सडकी. सगळं काढून पुन्हा भरलं, ठोकून, पानी मारून, पंधरा दिवस गेले त्यात. पन मले त्या पंधरा दिवसात बोलावलं नाई. दुसऱ्याच दिवशी निरोप आला का शेवंता नोका आनू, लय बोलते. अन् मी तं बसली होती, बोलली कुठं होती.

चौकात उभी राहो तं दुसरे ठेकेदारही पाहत अन् पुढं जात, गोठ पसरली होती. ह्याईले मी सांगितलं. मले वाटलं चिडतीन. ते भिंतीकडं तोंड करून निजले होते, तसेच म्हने, मिलमंधी पोत्याईची थप्पी वाकडी होती ते मलेही दिसलं होतं, कंबर गेली त्या दिवशी, मी बोललो नाई. एवढंच म्हनले. इतक्या वर्षात ते मले पहिल्यांदा समजलं.

एक दिवस भोजराज सायकलवर चौकात आला. उतरला, पिशवीतून थापी काढली, माह्या हातात देल्ली. म्हने शेटजीले म्या सांगतलं, जिन्याचा गिलावा शेवंता करीन तं मी करीन, नाई तं दोघंही नाई. मी म्हटलं रेजा म्हनून का. तो म्हने मिस्त्री म्हनून. मंग थांबून म्हने, त्या दिवशी मी आधी उठाले पायजे होतं. त्या मानसाचे इतके शब्द मी एकदम कधी ऐकले नोयते.

तो जिना माहा हाये, खालून वरपर्यंत. आजही जाऊन हात फिरवून पाहा. पाचव्यावर पोचलो तवा मी बाहेर पायलं, अन् हौ, मले भेव वाटलं अन् बरंही वाटलं. खाली सगळं कवेलूच कवेलू, वैनगंगा चमकून राह्यली, अन् गाव संपते तिथून लगेच जंगल. खाली रोडवर राहून वाटे केवढं मोठं शहर हाये, वरून पायलं तं मुठीएवढं.

त्याच्यानंतर किती बिल्डिंगी झाल्या, मी मोजल्या नाई. वारासिवनीलेही काम केलं. भोजराज गेला, इंदिरा पोराकडं गोंदियाले राहते, फोन करते. ह्याईले एकदा त्या पाच मजलीत नेलं, डोळ्याच्या डॉक्टरकडं, तिसऱ्यावर. लिफ्टमंधी त्याईनं माहा हात धरून ठेवला अन् डोळे मिटले. येतांना म्हने जिन्यानं चाल. एक एक पायरी उतरले, कंबर दुखे तरी, अन् भिंतीले हात लावत आले. दोन वर्षं झाले त्याईले जाऊन.

आता मी घरीच असते, गुडघे देत नाईत. आमच्या बाजूच्या प्लॉटवर चार मजली उभी होऊन राह्यली. आंगनात पहिले सकाळीच ऊन येत होतं, आता दहा वाजल्याबिगर येत नाई, थंडीच्या दिवसात तं बाराही वाजते. पोरगी म्हने आई, तक्रार कर. मी म्हटलं कोनाची करू, मीही लोकाईचं ऊन अडवलंच असन ना, किती आंगनाईचं, मले काय मालूम. त्या सायटीवरच्या बाया दुपारी माह्या ओट्यावर डबा खातेत, हिंदीत बोलतेत, मले अम्मा म्हनतेत. मी त्याईले पानी देते. अन् एकच इचारते रोज, बल्ल्या पायल्या का बाई आज. हासतेत, पन जाऊन पाहतेत, मले इथून दिसते. होऊ द्या ती बिल्डिंग. त्यात जे राहाले येतीन ते सुखानं राहो, अन् ज्याईच्या डोक्यावरून ते वर गेली त्या बाया संध्याकाळी आपापल्या पायानं घरी जावो. दुसरं काय.